मदत हवी आहे : पेन्शन योजनांवर अभ्यास व्हावा, पण आधी कशावर?

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्यातल्या दिव्यांग आणि ज्येष्ठांच्या गटातर्फे शासनाला निवेदन द्यायचं आहे. रक्कम वाढवा ही मागणी वेगळी आहेच. या निवेदनात योजनांचा नीट अभ्यास करा, एवढंच मागायचंय. कोणता प्रश्न आधी घ्यावा, यावर तुमचं मत हवं आहे.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो दिव्यांगांचा जादा खर्च. केंद्राच्या दिव्यांग पेन्शनमध्ये महिन्याला 300 रुपये मिळतात, तेही अपंगत्व 80 टक्के असेल तर. दिव्यांग हक्कांचा 2016 चा कायदा मात्र 40 टक्क्यांपासून हक्क देतो, आणि कलम 24 प्रमाणे दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त मदत मिळायला हवी. पण 25 टक्के पुरतात का? व्हीलचेअरची दुरुस्ती, तालुक्याला जायची रिक्षा, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, हे सगळं घरोघर जाऊन कुणीतरी मोजायला हवं.

दुसरा प्रश्न अंगठ्याचा. शेजारच्या काकूंचा जन्म ऊसतोडीत गेला, बोटांच्या रेषाच झिजल्यात. पदराला बोट पुसून पुन्हा पुन्हा मशीनवर ठेवतात, तरी जुळत नाही. अशी किती माणसं हयातीच्या दाखल्यापायी यादीतून गळतात?

ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफ कापला जाणाऱ्या कामगारांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन 2014 पासून महिन्याला 1000 रुपयेच आहे, तोही मुद्दा घेणार आहोत.

तुमच्या घरी यातली कुठली पेन्शन येत असेल, तर सगळ्यात जास्त अडतं कुठे ते कृपया लिहा. सर्वेक्षणाचा अनुभव असलेल्यांनी प्रश्नावली तपासून दिली तर फार उपकार होतील.