डबल हिटचा निकाल कोणी द्यायचा?
नेरुळच्या हॉस्टेलच्या पूल (क्यू म्हणजे काठीने टेबलावरचे बॉल मारायचा खेळ) लीगसाठी या चर्चेत कुणीतरी 'वाद झाला की शॉट पुन्हा खेळा' असं सुचवलंय. पटत नाही. फुकटचा रीप्ले मिळतोय म्हटल्यावर हुकलेल्या प्रत्येक शॉटवर वाद उकरला जाईल. रेफरी नसेल तर शंकेचा शॉट खेळण्याआधीच समोरच्याने थांबवावं आणि तिसऱ्या माणसाला टेबलाशी उभं करावं. नंतर ओरडून उपयोग नाही, निकाल शॉट मारणाऱ्याच्या बाजूने.

खरी भांडणं डबल हिटवरून (एकाच शॉटमध्ये क्यूची टिप, म्हणजे टोक, क्यू बॉलला दोनदा लागणं) होतात, त्याबद्दल कुणी लिहिलेलंच नाही. क्यू बॉल (ज्याला क्यूने मारतात तो पांढरा बॉल) आणि पुढच्या बॉलमध्ये टिपला लावायच्या चॉकच्या ठोकळ्याएवढीही फट नसेल, आणि सरळ मारल्यावर क्यू बॉल पुढच्या बॉलच्या मूळ जागेपलीकडे अर्ध्या बॉलहून जास्त गेला, तर फाउल धरा. टिपचा दुसरा धक्का बसलेला असतो. क्यूचा मागचा भाग उचलून किंवा तिरकं मारलं तर फाउल टाळता येतो. दोन्ही बॉल आधीच चिकटलेले असतील तर मात्र नेहमीच्या स्ट्रोकने सरळ मारायला हरकत नाही, फक्त 'चिकटलेत' हे शॉटआधी दोघांनी बघून मान्य करायचं. बाकी, बाही कुठल्याही बॉलला लागली तर फाउल की फक्त क्यू बॉलला, हे पहिल्या मॅचआधीच भिंतीवर लावा.