खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यात आजींना दिसत नाही: वॉर्डात काय सांभाळायचं?

औसा_लातूर:
आजी 78 वर्षांच्या. रात्री मोरीकडे जाताना पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. परवा लातूरला ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डाव्यात काचबिंदूही. टिमोलॉल आणि लॅटानोप्रॉस्ट असे दोन थेंब चालू होते, ते भरती झाल्यापासून बंदच आहेत. शुगर आहे. चष्मा गावीच राहिला. काल संध्याकाळपासून वात झाल्यासारखं बडबडतात, भिंतीवर माणसं बसलीत म्हणतात, सलाईन ओढतात. वॉर्डात सांगतात, वयामुळे होतं. हे डोळ्यामुळे असेल का? थेंब आता सुरू करावेत का? आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन याच भरतीत उरकता येईल का?

वॉर्ड_सिस्टर_अंबाजोगाई:
भाऊ, "वयामुळे होतं" एवढ्यावर थांबू नका. एक-दोन दिवसांत अचानक सुरू झालेली, संध्याकाळी वाढणारी आणि मध्येच उतरणारी बडबड म्हणजे डेलिरियम. म्हाताऱ्या माणसात तो बहुतेक वेळा कशामुळे तरी होतो, आणि ते कारण शोधावं लागतं. उद्याच्या राउंडची वाट पाहू नका, आजच ड्यूटीवरच्या डॉक्टरांना नेमकं विचारा: रक्तातलं सोडियम किती, शुगर किती, लघवी तुंबली आहे का, संसर्ग आहे का, संडास किती दिवसांपूर्वी झाली, दुखणं पुरेसं थांबलंय का. झोपेची गोळी स्वतःहून मागू नका. तिनं भ्रम वाढतो आणि उठताना तोल जातो. हात बांधायलाही हो म्हणू नका, त्यानं रुग्ण जास्त झटापट करतो.

नजर हे यातलं एक कारण, पण आपल्या हातातलं. चष्मा नाही, खोली अनोळखी, तोंडावर ट्यूबलाइट. अर्धवट दिसलेल्या सावलीचं माणूस होतं. औसा काही लांब नाही, चष्मा आजच मागवा. काचा पाण्यानं धुवा, काडीला कापडी पट्टी गुंडाळून नाव आणि कॉट नंबर लिहा, दोरी लावा. चष्मा उशीखाली ठेवू नका, तिथं तो मोडतो किंवा चादरीबरोबर धुलाईला जातो. पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायची वेळ आली तर चष्मा नातेवाइकाच्या हातात असू द्या आणि शुद्ध येताच डोळ्यावर चढवा.

कॉट अशी लावून घ्या की खिडकी पाठीशी किंवा बाजूला येईल. खिडकी समोर असली की मोतीबिंदूवाल्याला पुढच्या माणसाची नुसती काळी आकृती दिसते. बेलच्या बटणाला लाल चिकटपट्टी लावा आणि त्यांचा हात धरून ते बटण तीन-चारदा दाबायला लावा. स्टीलच्या पेल्यातलं पाणी त्यांना दिसत नाही, गडद रंगाचा कप द्या. ताटात उजव्या हाताला भाकरी, डाव्या हाताला वरण हे प्रत्येक वेळी सांगा. न जेवणारं म्हातारं कित्येकदा न दिसणारं असतं, आणि केस पेपरवर मात्र "भूक मंद" लिहिलं जातं. अंगाला हात लावायच्या आधी नाव घेऊन "आजी, मी सुई काढतेय" असं बोला. न बोलता आलेल्या हाताला त्या झटकणारच.

केस पेपरच्या पहिल्या पानावर "दृष्टी अतिशय कमी, पडण्याचा धोका" असं लाल पेननं लिहून घ्या. दर पाळीला सिस्टर बदलते, तोंडी सांगितलेलं पुढं जात नाही.

फिजिओ_नांदेड:
चष्मा बायफोकल असेल तर एक लक्षात ठेवा. वॉकर घेऊन खाली बघताना नजर जवळच्या नंबरमधून जाते आणि पायाजवळची फरशी पुसट होते. हनुवटी छातीकडे घेऊन वरच्या भागातून बघायला शिकवा. वॉकरच्या पुढच्या पायांना पिवळी टेप गुंडाळा.

नेत्रतंत्रज्ञ_जालना:
थेंबांचं आजच बघा. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, त्यामुळे सलाईन चालू असलं तरी थेंब थांबवण्याचं कारण नाही. फक्त टिमोलॉल नाडी मंद करतं आणि दम्यात त्रास देतं. ते पुन्हा सुरू करायच्या आधी डॉक्टरांना नाडी आणि दम्याबद्दल विचारा. दोन्ही बाटल्या त्यांना दाखवा आणि थेंबांची नावं औषधांच्या चार्टवर चढवून घ्या. चार्टवर नाही ते औषध सिस्टर देत नाही.

घालताना खालची पापणी ओढून एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं 2 मिनिटं दाबून धरा. त्यामुळे औषध नाकावाटे रक्तात कमी जातं. दुसरा थेंब 5 मिनिटांनी, नाहीतर पहिला वाहून जातो. लॅटानोप्रॉस्ट दिवसातून एकदाच, रात्री. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा आणि 4 आठवड्यांनी नवी घ्या.

दम्यासाठी इप्राट्रोपियमची वाफ देत असतील तर मास्कची वाफ डोळ्यांत जाऊ देऊ नका, शक्य असेल तर तोंडात धरायची नळी मागा. ज्यांच्या डोळ्यातला पाणी बाहेर जायचा कोन अरुंद असतो, त्यांच्या डोळ्याचा दाब या वाफेनं एकदम चढू शकतो. डोळा लाल, ठणका, उलटी, दिव्याभोवती रंगीत कडं, यातलं काही दिसलं तर त्याच तासाला डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावायला सांगा. अचानक अर्धं दिसेनासं झालं किंवा एकाचे दोन दिसू लागले तर अर्धांगवायूचा विचार आधी.

भिंतीवरच्या माणसांबद्दल: नजर फार कमी असलेल्यांना शुद्ध पूर्ण असतानाही माणसं, फुलं, नक्षी दिसू शकते. त्याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. त्यात माणूस नीट बोलतो आणि "हे खरं नाही" हे त्याला बहुधा कळतं. तुमच्या आजी सलाईन ओढतात, म्हणजे सिस्टरताई म्हणतात तेच आधी तपासा.

मोतीबिंदू या भरतीत नको. संसर्ग नसावा, शुगर आटोक्यात यावी, आणि पाठीवर 20 मिनिटं स्थिर झोपता आलं पाहिजे. खुबा सावरला की मात्र टाळू नका, नाहीतर त्याच मोरीच्या वाटेवर दुसरा खुबा जायचा. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात हे ऑपरेशन भिंगासह मोफत होतं. घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, लातूर, नांदेड या चारही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्रविभाग आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मनानं बंद करू नका. आणि कुणाच्या घरी प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणारे आजोबा असतील, तर ते सर्जनला आधीच सांगा. या गोळीनं बुबुळाचा पडदा ऑपरेशनमध्ये सैल पडतो, आणि गोळी बंद केली तरी धोका पूर्ण जात नाही.

औसा_लातूर:
चष्मा आणायला माणूस निघालाय. सोडियम कमी निघालं, औषध सुरू केलंय. थेंबही चार्टवर आले. घरी इन्सुलिन त्या स्वतःच घेतात, डिस्चार्जनंतर ते तसंच चालू ठेवावं का?

वॉर्ड_सिस्टर_अंबाजोगाई:
या नजरेवर सिरिंज भरू देऊ नका. 40 ची (एका मिलीत 40 युनिट) बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज ही जोडी कधी मोडू नका. 100 चं इन्सुलिन त्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट डोस जातो. डोस घरातल्या माणसानं भरावा. गोळ्यांच्या पट्ट्या मेडिकलवाल्याला कापू देऊ नका, नाव आणि तारीख कापलेल्या तुकड्याबरोबर जाते. सकाळच्या पट्टीला एक रबर, रात्रीच्या पट्टीला दोन, बोटांना कळतं.

नेत्रतंत्रज्ञ_जालना:
चष्म्याचा नवा नंबर लगेच काढू नका. शुगर खालीवर होत असताना डोळ्यातल्या भिंगाला सूज येते आणि नंबर बदलत राहतो. शुगर स्थिर होऊन 4 ते 6 आठवडे झाले की तपासा.