अनुभव धागा : लेआउटमधली बसायची जागा कशी राखायची?

धागाकर्ता
पैसे न मोजता, काही काम नसताना चार माणसं बसू शकतील अशा जागा नागपुरात भराभर कमी होत आहेत. कस्तुरचंद पार्क, रेशीमबाग अशा मोठ्या मैदानांसाठी बोलणारे असतात. लेआउटमधला मोकळा तुकडा, चौकातला पार, मंदिराशेजारचा ओटा यांच्या बाजूनं मात्र कोणी उभं राहत नाही. या कामातल्या जाणत्यांनी लिहावं: अशी जागा कशानं जाते आणि राखायची तर काय करावं लागतं? आठवणी नकोत, मापं आणि पायऱ्या हव्यात.

खसरा-मौजा
आधी कागद. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर लेआउट पाडताना १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, असा आजचा नियम आहे. पण शहराच्या कडेचे कितीतरी लेआउट मंजुरीविना पडले आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नंतर नियमित झाले. तिथे ही जागा अनेकदा तुटपुंजी असते, किंवा तिचेही प्लॉट पाडून विकलेले असतात. म्हणून आपला लेआउट कोणत्या प्रकारातला, ते पहिल्यांदा बघा.

मंजूर असेल तर नकाशाची प्रत मिळवा. मंजुरी नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास) असेल तर तिथून, मनपाची असेल तर नगररचना विभागातून. सरळ मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात "आमच्या बगीच्याची माहिती द्या" असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं. मौजा (गाव), खसरा (सर्व्हे) क्रमांक आणि लेआउटचं नाव घालून दोनच गोष्टी मागा: मंजूर नकाशाची साक्षांकित प्रत आणि मोकळ्या जागेची ताबापावती.

खरी मेख ताबापावतीत आहे. जागा नकाशात हिरवी असते, पण तिचा ताबा रीतसर दिलेला नसला की अभिलेखात जुन्या मालकाचंच नाव राहतं. पुढे वारस येतात आणि विक्री होते. ताबापावती सापडली नाही तर झोन कार्यालयाला लेखी पत्र देऊन भूमी अभिलेखाकडून मोजणी करून घ्यायला सांगा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मोजणी झाल्यावर हद्दीचे दगड सिमेंटात पक्के बसवा. नुसता फलक रंगवून लावला तर शेजारचं कुंपण दर पावसाळ्यानंतर थोडं आत सरकतं आणि ते सिद्ध करता येत नाही.

गवंडीकाम
पाराबद्दल लिहितो, कारण चांगल्या हेतूनं झाडं मारण्याचं काम इथेच जास्त होतं. वडा-पिंपळाभोवती गोल भिंत घालतात, आत बुंध्याला टेकवून दोन फूट भराव टाकतात, वरून फरशी. भरावात दाबलेली साल ओली राहून सडते, फरशीखाली मुळांना हवा-पाणी मिळत नाही. झाड लगेच मरत नाही, त्यामुळे कारण कोणाच्या लक्षात येत नाही. काही वर्षांनी वादळात फांदी पडते, मग "धोकादायक" म्हणून झाड कापलं जातं, आणि सावली गेल्यावर पारावर कोण बसणार?

बुंध्यापासून किमान १ मीटर माती उघडी ठेवा, तिची पातळी मूळ जमिनीइतकीच. सलग पाया खणू नका, मुळं तुटतात. दर सव्वा मीटरवर एकेक सुटा खड्डा घ्या, जाड मूळ लागलं तर खड्डा बाजूला सरकवा. खड्ड्यांत छोटे खांब, खांबांवर १० सेंटिमीटर जाडीचे सिमेंटचे स्लॅब. बैठक ४५ सेंटिमीटर उंच, ४० ते ४५ रुंद. काळ्या मातीत खड्ड्याच्या तळाशी मुरूम ठोकून भरा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि मुरूम नसला तर दोन मोसमांत खांब तिरपे होतात.

नवं झाड लावणार असाल तर कडुनिंब किंवा करंज. एप्रिलात, सावली सर्वांत जास्त हवी तेव्हा, त्यांना नवी पालवी असते. गुलमोहर त्या दिवसांत जवळजवळ उघडा असतो, शिवाय वादळात त्याच्या फांद्या पटकन मोडतात.

मैदानप्रेमी
पोट्ट्यांचं खेळणं बंद पडतं ते "सौंदर्यीकरणात". मधोमध कारंजं किंवा घुमट आला की क्रिकेटही संपतं आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन येणाऱ्या मुलांची रांगही. चालायचा ट्रॅक कडेनं घ्या, १.८ मीटर रुंद, म्हणजे दोघं बोलत शेजारी चालू शकतात. मधली जागा मुरुमाचीच राहू द्या.

लग्नाला जागा देत असाल तर मांडवासाठी खणायचं नाही, खांबांना पाण्याचे ड्रम किंवा वाळूच्या गोण्या बांधायच्या, ही अट लिहून घ्या. बुजवलेले खड्डे पहिल्या पावसात खचतात, त्यात पाय मुरगळतात आणि मग मुलं मैदानावर यायची थांबतात. अनामत रक्कम जागा बघितल्यावरच परत करा.

सांजवेळ
बायका संध्याकाळी का येत नाहीत, ते दिव्यांकडे बघून कळेल. रस्त्यासारखा उंच खांब झाडाच्या डेऱ्यावर उजेड टाकतो आणि बाकांवर अंधार राहतो. खांब ४ मीटरच्या आसपास, फांद्यांच्या खाली हवा. मेंदी कमरेच्या वर वाढू देऊ नका, बंद भिंतीऐवजी जाळी लावा, आणि फाटकं दोन ठेवा. एकच फाटक असलं आणि तिथे घोळका उभा असला की मुली बाहेरूनच परत फिरतात.

लोखंडी बाक इथल्या उन्हात मे महिन्यात सहा वाजेपर्यंत तापलेला असतो. लाकडी पट्ट्यांचा घ्या आणि पश्चिमेला इमारत किंवा झाड असेल अशा ठिकाणी ठेवा. दोन बाक एका ओळीत नकोत, काटकोनात ठेवा, म्हणजे मान न वळवता गप्पा होतात. म्हाताऱ्यांना उठायला हाताचा आधार लागतो, तो विसरू नका.

पाणपोई
पाणपोईत दोन रांजण ठेवा, एक भरलेला, एक धुऊन उन्हात वाळणारा. क्षारांनी मातीची छिद्रं बुजली की पाणी गार होत नाही, म्हणून आतून-बाहेरून काथ्यानं घासा, साबण नको. पाणी बुडवून घेऊ देऊ नका, हात बुडाला की ते दूषित होतं, तोटी बसवा. सांडलेलं पाणी नालीनं झाडाच्या आळ्याकडे न्या. ते साचलं तर डास होतात, आणि डासांच्या तक्रारीवरून पाणपोईच हटवली जाते.