तालुक्याच्या कॉलेजात ऑनर्सचं चौथं वर्ष करावं का?

धुऱ्यावरची:
नमस्कार. मी उदगीरकडची, बी.एस्सी. तिसरं वर्ष, मेजर बॉटनी. 2024 ला नवीन शैक्षणिक धोरणात अ‍ॅडमिशन झालं, म्हणून चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. सीजीपीए 7.8 आहे. सर म्हणले, रिसर्चवालं ऑनर्स घे. पप्पांचं म्हणणं, तीन वर्षांत डिग्री मिळती तर वर्ष कशाला वाढवायचं, बी.एड. करून मोकळी हो. मला सोयाबीनच्या येलो मोझॅकवर काम करायचंय. गेल्या खरिपात आमचं रान पिवळं पडलं, अन् धुऱ्यापलीकडचं दुसरं वाण हिरवंगार. का, ते कुणालाच सांगता येईना. पण लॅबमध्ये धड मायक्रोस्कोप एकच, त्याचाही स्क्रू कागदाची घडी घालून बसवलाय. अशात रिसर्च होतं का ओ?

लायब्ररीतला कोपरा:
एमपीएससी करायची असेल तर डिग्री घे अन् नीघ. तिथं ऑनर्स कुणी विचारत नाही.

तासिकावाला:
ताई, मी सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर, बॉटनीच शिकवतो. मोझॅक विषाणूचा रोग, पांढरी माशी पसरवती. विषाणू त्या मायक्रोस्कोपखाली दिसणारच नाही, स्क्रू नवा बसवला तरी. तुझं काम रानातच आहे: दोन्ही वाणांच्या ओळी धर, दर आठवड्याला पिवळी झाडं मोज, पानामागच्या माशा मोज, पेरणीची तारीख लिही. 12 क्रेडिटच्या डिझर्टेशनला, म्हणजे रिसर्चच्या प्रबंधाला, एवढं भरपूर झालं. फक्त खरीप हातचा जाऊ देऊ नको, नाहीतर मोजायला पीकच नसतं.

पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के लागतात, ते तुझं जमतंय. अडतं ते कॉलेजचं. रिसर्च ऑनर्ससाठी पीएच.डी. गाइडची मान्यता असलेले किमान दोन कायम प्राध्यापक लागतात. आपल्याकडं कित्येक विभाग आमच्यासारख्या तासावरच्या माणसांवर चाललेत, अन् आम्ही त्यात धरले जात नाही. सरांना तोंडी विचारू नको. बॉटनीच्या चौथ्या वर्षाला विद्यापीठाची मान्यता आलीय का, ते पत्रच बघ.

पप्पांना सांग, एम.एस्सी. करायची असेल तर वर्ष वाढत नाही. तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक, पाचच. नुसतं बी.एड. करायचं असेल तर मात्र त्यांचं बरोबर आहे, त्याला तीन वर्षांची डिग्री पुरते.

चौथ्या वर्षाची:
मी 2023 ची बॅच, लातूरला ऑटोनॉमस कॉलेजात. वर्गात आम्ही मोजकेच उरलोत, त्यामुळं गाइड हाताशी असतात. चौथ्या वर्षाला 75 टक्के पडले तर नेट परीक्षा देऊन थेट पीएच.डी.लाही जाता येतं. पण एका वर्षाची एम.एस्सी. तुझ्या विषयात कुठं सुरू झालीय, हे आधी काढ. माझं सध्या तेच चाललंय, फोनवर फोन.

धुऱ्यावरची:
सर, पत्राचं सोमवारी ऑफिसात विचारते. शेजारच्या काकांना वाणाचं नाव विचारलं, तर म्हणले पिशवी फेकून दिली. दुकानदाराकडं पावती असेल का?

तासिकावाला:
असतीच. बियाणाच्या बिलावर वाण अन् लॉट नंबर दोन्ही असतात. फोटो काढून ठेव.