पाहुण्यांची खोली २५ हजारांत करावी, की खोलीच अडवू नये?

पाथर्डी_फाटा

मंडळी, आमच्या घरात चाललेला वाद इथे मांडतो. नाशिकच्या बऱ्याच घरांत सध्या हाच विषय असेल.

आमचा टू बीएचके आहे. मागची दहा बाय दहाची खोली आत्तापर्यंत अडगळीची होती. जुना कूलर, गव्हाच्या कोठ्या, रद्दी, मुलीची लहानपणीची सायकल. ती रिकामी करून पाहुण्यांसाठी नीट लावावी असं मला वाटतं. खर्च २५ हजारांच्या आत. सिंहस्थाच्या ध्वजारोहणाची तारीख ३१ ऑक्टोबर २०२६ ठरली आहे, अमृतस्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. नातेवाईकांचे फोन सुरू झालेत. पण नुसत्या सिंहस्थासाठी मी हे करत नाही. त्र्यंबकची पूजा, वणीचा गड, जाता-येता शिर्डी, या निमित्ताने आमच्याकडे वर्षभर कुणी ना कुणी उतरतंच.

माझं म्हणणं एवढंच की पैसा झोपेवर घालावा, दिसण्यावर नाही. दिवाण १० हजार, गादी ७, पंखा ३, अंथरूण-पांघरूण आणि पडदे ३, उरलेल्या २ हजारांत डिस्टेंपरचा डबा आणि इलेक्ट्रिशियन. रंग मी स्वतः मारणार. कपाट, ड्रेसिंग टेबल, एसी काही नको. दोन दिवसांसाठी आलेला माणूस कपाट वापरतच नाही, बॅगेतूनच कपडे काढतो. त्याला बॅग ठेवायला वाकावं लागणार नाही असा एक बाक हवा आणि ओला टॉवेल टाकायला दांडी. उशाशी एक सॉकेट आणि दिव्याचा टू-वे स्वीच, म्हणजे दाराशी दिवा घालवून अनोळखी खोलीत चाचपडत पलंगापर्यंत यायला नको. पंखा बीएलडीसी घ्यायचा. साध्या पंख्याला ७५ वॉटच्या आसपास वीज लागते, याला ३० ते ३५. शिवाय रिमोट असतो, पहाटे गारठलं की अंथरुणातूनच वेग कमी करता येतो.

घरात विरोध असा की मुलगी आता अकरावीला आहे, खोली तिला द्या. तुमचं काय मत?

गोदाकाठ_पंचवटी

स्पष्ट लिहितो. तुमचा हिशोब २५ हजारांचा नाहीच. खोली शंभर चौरस फुटांची. भाव पाच हजार धरला तरी पाच लाखांची जागा झाली, आणि ती वर्षातले बहुतेक दिवस बंद राहणार. तिकडे मुलगी डायनिंग टेबलवर अभ्यास करणार, शेजारी टीव्ही आणि कुकरच्या शिट्ट्या. हे मला पटत नाही.

आम्ही पंचवटीतले. २००३ आणि २०१५ या दोन्ही सिंहस्थांत आमच्या घरात माणसं मावली. हॉलमध्ये सतरंजी, वर गाद्या, एका ओळीत सगळे. रात्री उशिरापर्यंत गप्पा चालायच्या, पहाटे सगळे मिळून रामकुंडावर जायचे. कुणी कधी वेगळी खोली मागितली नाही. एक लोखंडी फोल्डिंग कॉट, दोन कापसाच्या गाद्या आणि जास्तीची पांघरुणं माळ्यावर ठेवा. सात-आठ हजारांत काम होतं. उरलेल्या पैशांत मुलीला चांगलं टेबल, पाठीला आधार देणारी खुर्ची आणि पुस्तकांची फळी येईल.

नाशिकरोडची_सून

दादा, हॉलमधल्या गप्पा मलाही आवडतात. पण त्याच हॉलमधून पहाटे पाचला स्वयंपाकघरात कोण जातं ते सांगा. दिवा लावायचा नाही, भांडं वाजवायचं नाही, झोपलेल्यांच्या पायांमधून वाट काढायची. रात्री शेवटचा पाहुणा आडवा होईपर्यंत घरातली बाई झोपू शकत नाही आणि सकाळी सगळ्यांच्या आधी तिलाच उठावं लागतं. पाहुण्या बायकांचेही हाल तेच. दुपारी अर्धा तास पाठ टेकावी म्हटलं तर हॉलमध्ये पुरुष मंडळी बसलेली. साडी बदलायला बाथरूम, बाळाला पाजायला यजमानांची बेडरूम, आणि तिथेही दार वाजवून, विचारून जायचं.

माझी आई माझ्याकडे येते तेव्हा दुसऱ्याच दिवशी परतीच्या गाडीची चौकशी करते. तिला नातवंडं हवी असतात, माझ्याशी बोलायचं असतं, पण ‘जावयाच्या घरात हॉल अडवून बसले’ ही भावना तिच्या मनातून जात नाही. तिला दार लावून घेता येईल अशी जागा मिळाली तर ती आठवडाभर राहील, याची मला खात्री आहे. मुलीच्या आईला हक्काने राहता यावं यासाठी शंभर फूट जागा जास्त नाही. ज्यांच्या घरी शक्य आहे त्यांनी खोली कराच.

सातपूर_सुतारकाम

खोली करावी की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी पलंगाबद्दल लिहितो, कारण तिथेच पैसे वाया जाताना रोज बघतो.

उंची बघा. गादी धरून जमिनीपासून १८ ते २० इंच. पलंगाच्या कडेला बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि उठताना गुडघ्यावर जोर येता कामा नये. फोल्डिंग कॉट याहून बरीच खाली असते आणि मधे झोळ पडतो. तरण्या पोराला चालेल, साठीच्या माणसाची सकाळी कंबर धरते. ‘कॉट घ्या, भागतं’ हे मला म्हणून मान्य नाही.

दहा बाय दहात डबल बेड घालू नका, फिरायला जागा उरत नाही. ७२ बाय ४८ चा दिवाण करा. एकटा माणूस ऐसपैस झोपतो, आई आणि लहान मूल मावतं. बॉक्स करायचाच असेल तर हायड्रॉलिक नको, ओढायचे दोन कप्पे करा, आणि वरच्या प्लायला भोकं पाडून घ्या. सरसकट बंद पेटी केली की पावसाळ्यात आतल्या रजयांना कुबट वास लागतो. १० हजारांत १९ एमएमच्या चांगल्या प्लायचा दिवाण बसणार नाही. लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा आणि वर प्लाय असं केलं तर बसेल, आणि टिकेलही.

गोदाकाठ_पंचवटी

ताई, तुमचा मुद्दा मनाला लागला. पण त्यावर आपल्याकडे पूर्वीपासून उपाय आहे. वडीलधाऱ्यांना आपला पलंग द्यायचा आणि आपण हॉलमध्ये झोपायचं. आलेल्याला घरातली चांगली जागा मिळते, वेगळी खोली राखावी लागत नाही. माझ्या मते याहून मोठा पाहुणचार नाही.

नाशिकरोडची_सून

एका रात्रीपुरतं बरोबर. पण माझा नवरा अंबडच्या कंपनीत शिफ्टला आहे. नाइट शिफ्ट करून सकाळी घरी आला की त्याने झोपायचं कुठे? आणि पलंग दिला तरी आपलं कपाट त्याच खोलीत असतं. दर दहा मिनिटांनी ‘जरा आत येऊ का’ करत शिरावं लागतं. पाहुण्याला ते आपल्यापेक्षा जास्त अवघड होतं. माझी सासू स्वतःचा पलंग देते तेव्हा येणारी मावशी ‘कशाला, मी खालीच झोपते’ म्हणत अर्धा तास घालवते आणि शेवटी गुडघे धरून खालीच झोपते.

मखमलाबाद

सगळे सिंहस्थाचं बोलताय, पण अमृतस्नानं भर पावसाळ्यात आहेत हे कुणी लक्षात घेतलं नाही. आषाढ-श्रावणात कापसाची गादी ओल धरते. तिला ऊन दाखवायचं तर आठवडा आठवडा ऊन पडत नाही. तळमजल्यावर, फरशीवर टाकलेल्या गादीला खालून दमटपणा येतो. पाहुण्यांच्या दोन तुकड्या लागोपाठ आल्या तर चादरी वाळत नाहीत, म्हणून चादर-अभ्र्यांचे किमान तीन जोड ठेवा. माझ्या मते पडद्यांआधी हा खर्च.

गादीचं म्हणाल तर चार इंची री-बॉन्डेड फोम घ्या आणि त्यावर पातळ कापसाची गादी किंवा घरची गोधडी. री-बॉन्डेड म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला पट्टा. बसका होत नाही, पण नुसत्यावर झोपलं तर कडक लागतो आणि अंग तापतं. वरचा कापसाचा थर घाम टिपतो, आणि पातळ असल्यामुळे पंख्याखालीही वाळतो. साधा फोम घेणार असाल तर दुकानदाराला डेन्सिटी विचारा. ३२ डेन्सिटी म्हणजे त्या फोमच्या एका घनमीटरचं वजन ३२ किलो. आकडा मोठा तसा फोम जास्त टिकतो. मऊ की कडक हे मात्र त्यावरून कळत नाही, ते दुकानात आडवं होऊनच बघायचं. लाजू नका, पाच मिनिटं कुशीवर पडून बघा.

उशीवर कुणीच लिहिलं नाही. दोन जाती ठेवा, एक सावरीच्या कापसाची पातळ आणि एक जरा भरीव. मानेचं दुखणं असलेल्या पाहुण्याला उंच उशीवर रात्रभर झोप लागत नाही, आणि ‘दुसरी उशी आहे का’ असं तो विचारतही नाही.

कॉलेजरोड

नवीन कशाला घेताय? कॉलेज रोड, गंगापूर रोडला बाहेरगावची मुलं राहतात. वर्ष संपलं की पलंग, टेबल, कूलर, गादी सगळं विकून गावी जातात. निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. २५ हजारांत पाहुण्यांची खोली आणि मुलीचं टेबल दोन्ही होईल.

इंदिरानगर

टेबल, खुर्ची, लोखंडी पलंग खुशाल जुना घ्या. जुनी गादी आणि जुना लाकडी पलंग मात्र घरात आणू नका, हे कळकळीने सांगते. ढेकूण गादीच्या शिवणीत, लाकडाच्या सांध्यात, स्क्रूच्या भोकात राहतो आणि काही न खाता महिनोन्‌महिने जगतो. एकदा घरात शिरला की फिनाइलने, नुसत्या झाडण्याने जात नाही. पाहुण्याच्या बॅगेतून तो त्याच्या घरीही जाईल. गादीत वाचवलेले चार हजार पेस्ट कंट्रोलला जातात, मनस्ताप वेगळा. लोखंडी पलंग घेतानाही बॅटरी लावून सांधे बघा, काळे ठिपके दिसले तर सोडून द्या.

आणि डास! आम्ही नासर्डीच्या जवळ राहतो, म्हणून पोटतिडकीने लिहिते. गादी कितीही चांगली घ्या, कानाशी डास गुणगुणला की पाहुणा जागाच. खिडकीला वेल्क्रोची जाळी लावा, काहीशे रुपयांचं काम आहे. कॉइलच्या धुराने म्हाताऱ्या माणसांना खोकला लागतो.

म्हसरूळ

खोली करताच आहात तर सिंहस्थात भाड्याने द्या, सगळा खर्च निघेल. यात काही गैर नाही.

गोदाकाठ_पंचवटी

याला माझा ठाम विरोध. सोसायटीची परवानगी, पोलिसांकडे माहिती देणं हे सगळं आलंच, पण त्याहून मोठी गोष्ट ही की घरात वयात आलेली मुलगी आहे आणि अनोळखी माणसं एकाच बाथरूमला येणार. खोली केलीत तर आपल्या माणसांसाठीच ठेवा.

पाथर्डी_फाटा

भाड्याने देणार नाही, तो विचार मनातही नव्हता.

सगळ्यांचं वाचून आराखडा बदलतोय. दिवाण ७२ बाय ४८, लोखंडी सांगाड्याचा, भिंतीला लावून. गादी मखमलाबादकरांनी सांगितली तशी, वर आईच्या हातची गोधडी. पडदे साधे घेऊन चादरींचे तीन जोड. रजई घरात आहे, ती डिसेंबर-जानेवारीसाठी याच खोलीत ठेवणार. मुंबईचे पाहुणे एक पातळ शाल घेऊन येतात आणि निफाडकडचा गारठा इथेही झोंबतो. बॅगेसाठी वेगळा बाक न करता खिडकीखाली टेबल, कॉलेज रोडला जुनं मिळालं तर तेच. मुलगी रोज तिथे अभ्यास करेल, पाहुणे आले की तिचं दप्तर आमच्या खोलीत.

गोदाकाठ_पंचवटी

टेबल आलं हे चांगलं झालं. पण ‘पाहुणे आले की दप्तर आमच्या खोलीत’ हे उलटं आहे. पुढच्या वर्षी तिची बारावी. अभ्यास करणाऱ्या मुलीला दर पंधरा दिवसांनी उठवणार का? खोली तिची म्हणा, आणि पाहुणा तिच्या खोलीत राहतो असं धरा. मग कुणाला कधी बोलवायचं हे तिच्या परीक्षा बघून ठरेल.

नाशिकरोडची_सून

यावर मी दादांच्या बाजूने. फक्त एक भर घालते. हे तिच्याशी बसून ठरवा. आमच्या घरी माझी खोली माझ्या आत्याला दिली जायची तेव्हा मला आधी कुणी विचारत नसे, आणि मी आत्यावर रुसायचे. तिचा त्यात काही दोष नव्हता.

पाथर्डी_फाटा

तिला रात्री विचारलं. म्हणाली, आजी आली तर खोली कधीही द्या, बारावीच्या डिसेंबरपासून परीक्षा संपेपर्यंत बाकी कुणाला नको. मी कबूल झालो. त्या काळात दुसरं कुणी आलं तर आमची बेडरूम त्यांना, आम्ही हॉलमध्ये. रविवारी सुतार माप घ्यायला येतोय.

सातपूर_सुतारकाम

माप घेताना दार आत किती उघडतं ते आधी बघा. दिवाणाची कड दाराच्या फेऱ्यात आली तर दार अर्धंच उघडतं. आणि टेबल खिडकीखाली घेताय तर स्लायडिंगची जाळी काढता-घालता येईल इतकी जागा मागे सोडा. उशाकडचं सॉकेट दिवाण बसवायच्या आधी काढून घ्या, नंतर भिंत फोडायला पलंग हलवावा लागेल.