जुन्या एसयूव्हीचा रेडिएटर तडकला: टाकी बदलावी की अख्खा नवा बसवावा? (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पूर्णाकाठ
आपल्याकडे गावोगावी १०-१५ वर्षांच्या डिझेल एसयूव्ही अजून रोजच्या कामात आहेत. उन्हाळ्यात त्यांच्यात एक बिघाड हमखास निघतो. रेडिएटरची, म्हणजे इंजिनचं पाणी थंड करणारी, जाळी धड असते, पण वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला होजच्या (रबरी पाइपच्या) नळीपाशी केसाएवढा तडा जातो. गाडी थंड असताना थेंबही दिसत नाही. इंजिन तापून दाब चढला की पाणी गळायला लागतं आणि मागे पांढरट रेघ वाळते. गॅरेजवर एकच उत्तर मिळतं, "नवा टाका."

मला हे पटत नाही. टाकी काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची असते. वर्षानुवर्षं तापून-निवून ती ठिसूळ होते. ॲल्युमिनियमच्या जाळीचं तसं होत नाही, मग चांगली जाळी भंगारात का द्यायची? त्या मॉडेलची टाकी आणि नवं रबर गॅस्केट (टाकी आणि जाळीमधलं सील) घ्या. जाळीच्या कडेचे पत्र्याचे दात चपट्या पकडीने लागेल तेवढेच उघडा. खाच ब्रशने घासून कोरडी करा, गॅस्केट बसवा, टाकी सगळीकडून सारखी दाबून धरा आणि दात समोरासमोर आलटून-पालटून मिटवा. एका टोकाने सुरू करून मिटवत गेलं की गॅस्केट सरकतं आणि कोपऱ्यातून गळती सुरू होते. मग होजच्या नळ्या बंद करून, रेडिएटर पाण्याच्या टाक्यात बुडवून हवेचा दाब द्या. रेडिएटरच्या ढाकणावर ०.९ (बार) लिहिलं असेल तर १.२ बारच्या वर नेऊ नका, आणि रेग्युलेटरशिवाय कॉम्प्रेसर जोडूच नका. प्लॅस्टिकची टाकी फुटली तर तुकडे तोंडावर येतात.

वर्धा नदी
पद्धत बरोबर, निर्णय चूक. ॲल्युमिनियमचे ते दात एकदा उघडले तर चालतं. दुसऱ्यांदा वाकवले की मुळाशी चिरतात आणि मग जाळीही गेली. वरची टाकी ठिसूळ झाली म्हणता, तर खालची काय नवी आहे? तिचंही वय तेवढंच. आज वरची बदलली, दिवाळीत खालची तडकली, की मजुरी दोनदा आणि कूलंट (पाण्यात मिसळायचं, गंज आणि गोठणं रोखणारं द्रव) दोनदा.

आता उन्हाचा हिशेब करा. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर धरा. हिवाळ्यात हवा २० ला असते, म्हणजे फरक ७५. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरला हवा ४५ ला जाते, फरक उरतो ५०. ताकद सरळ एक तृतीयांशाने घटली. त्यात जुन्या जाळीच्या निम्म्या नळ्या क्षाराने बुजलेल्या. थंडीत ती गाडी चालेल, पण माणसं भरून चिखलदऱ्याचा घाट चढताना हीट मारणारच. म्हणून नवा, तोही पूर्ण.

खारपाण
दोघंही जाळीवर आणि टाकीवर भांडून राहिले, आत कोणतं पाणी घालता ते कोणीच विचारलं नाही. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, मूर्तिजापूर हा सगळा पूर्णेचा खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारं. इथल्या बोअरच्या पाण्यातलं मिठाचं क्लोराइड ॲल्युमिनियमला टोचून बारीक छिद्रं पाडते. त्यावर काही जण पाणी उकळून घालायचा सल्ला देतात, तो घातक आहे. उकळून फक्त काही क्षार खाली बसतात, मीठ तसंच राहते आणि पाणी आटल्यामुळं उलट जास्त दाट होते. नवा रेडिएटर आणून त्यात हे पाणी भरलं तर पैसे मातीत गेले समजा. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर घ्या, कॅन नवा पाह्यजे, ॲसिडचा नको.

पूर्णाकाठ
वर्धा नदी, खालच्या टाकीचा मुद्दा मान्य. जाळी उघडलीच आहे तर दोन्ही टाक्या एकदम बदलाव्यात, हे मी आधीच लिहायला हवं होतं. पण जाळी बुजलेलीच असणार असं गृहीत धरू नका, तपासा. रेडिएटर उतरवून उभा धरा आणि वरून बादलीभर पाणी एकदम ओता. खालच्या नळीतून भसकन आलं तर जाळी मोकळी आहे. वर तुंबून बारीक धार लागली तर मीही म्हणेन, नवा घ्या. गाडीवर असताना तपासायचं तर इंजिन पूर्ण तापवून बंद करा, पंखा थांबल्यावर जाळीवर जरा अंतरावरून हात फिरवा. जिथे थंड पट्टा लागेल तिथल्या नळ्या बंद आहेत. आणि दोन टाक्या, गॅस्केट, मजुरी मिळून खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तर माझाही हट्ट नाही.

पांदणरस्ता
तुमचं सगळं शहराजवळ ठीक आहे. शेतात उभ्या गाडीचं काय? तिथं हळद चालते, एम-सील चालते. पिढ्यान् पिढ्या ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकतात आणि गळती थांबते, हे नाकारून कसं चालेल?

वर्धा नदी
नाकारत नाही, पण कुठे चालते ते नीट सांगायला पाहिजे. हळद फुगून जाळीतलं सुईच्या टोकाएवढं छिद्र बुजवते. टाकीचा तडा दाब आला की उघडतो, तिथे ती टिकत नाही. उरलेली हळद मात्र हीटरच्या आणि जाळीच्या बारीक नळ्यांत चिखल होऊन बसते. बाजारातल्या लीक बंद करणाऱ्या पावडरीचंही तेच. एकदा हळद घातली की पूर्णाकाठ म्हणतात ती "चांगली जाळी" चांगली राहत नाही.

एम-सीलसारखी पुट्टी तेलकट, ओल्या नायलॉनवर धरतच नाही. लावायचीच असेल तर तड्याच्या दोन्ही टोकांना २ मिमीचं भोक पाडा म्हणजे तडा पुढे सरकणार नाही, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंना बोटभर रुंद खरवडा, थिनरने पुसा, पुट्टी भोकांसकट दाबून भरा आणि पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण सुकू द्या. एवढं करूनही ते गॅरेजपर्यंतचंच काम.

पांदणरस्ता
गॅरेजपर्यंतच तर जायचं असते भाऊ! टोचन लावून ३० किलोमीटर ओढत नेण्यापेक्षा ते बरं. शिवाय पुट्टीच्याही आधीची युक्ती कोणीच लिहिली नाही. गाडी अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या, मग ढाकण पहिल्या खाचेपर्यंत सैल करा. दाब तयार होत नाही, म्हणून तड्यातून पाणी फार कमी जाते. हीटर गरमवर, पंखा फुल, एसी बंद, गाडी ४० च्या आत. सोबत १० लिटर पाणी ठेवा. अशा वेळी बोअरचं असलं तरी चालते, गॅरेजमध्ये सगळं काढून धुवायचंच आहे.

खारपाण
युक्ती खरी आहे, पण दोन गोष्टी जोडतो. दाबाखाली पाणी ११९-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. ढाकण सैल केलं की ते १०० लाच उकळते. थर्मोस्टॅट (इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) उघडते ८२-८८ ला, म्हणजे हाताशी फार जागा नाही. सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावरच काढा गाडी. दुसरं, तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. पाणी पूर्ण गेलं की सेन्सर कोरडा पडते आणि काटा खालीच दिसू शकते. ५ किलोमीटरवर थांबा, वाफ बसू द्या, पातळी पाहा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नका, हेड (सिलिंडरवरचा इंजिनचा वरचा भाग) चिरते.

पुसद रोड
या भांडणात एक तिसरी बाजू राहून गेली. टाकी बदला नाहीतर नवा घ्या, पण तडा का गेला हे आधी शोधा, नाहीतर नवी टाकीही त्याच वाटेने जाईल. पहिला संशय ढाकणावर. त्याचा व्हॉल्व्ह अडकला की दाब मर्यादेच्या वर जातो. गाडी निवल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर ढाकणाचा पाणी परत आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह बंद पडलाय. ढाकण नवं टाकाच, आणि आकडा जुन्यावरचाच ठेवा. ०.९ च्या जागी १.१ लावणं म्हणजे जुन्या टाकीला मारणं.

दुसरा संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे हेड आणि इंजिनमधल्या सीलवर. रात्रभर उभी गाडी ढाकण काढून सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे आले, किंवा ढाकण लावून मिनिट-दोन मिनिटांत होज दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. तेव्हा आधी हेडचं काम. तिसरं, रेडिएटरखालचे रबर बुश. ते चेपले की खड्ड्यांचा प्रत्येक हादरा थेट टाकीच्या नळीवर येतो. हे बुश किरकोळ किमतीत मिळतात आणि हमखास विसरले जातात.

जाळीत अडकलेला कापसाचा कचरा, सोयाबीनचा भुसाही काढा. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर मारा, समोरून मारलं तर कचरा आणखी आत बसतो. प्रेशर वॉशर जवळ नेऊ नका, पाती आडवी होतात.

पूर्णाकाठ
पुसद रोडचं पटलं. नवा रेडिएटर बसवणाऱ्यांनीही हे करावं. खारपाण, कूलंटचं प्रमाण किती ठेवावं? इथे पाणी गोठत नाही, मग ५०-५० चा आग्रह का?

खारपाण
बऱ्याच कंपन्या किमान ३३ टक्के सांगतात, गंज रोखायला तेवढं पुरते. त्याखाली जाऊ नका. कूलंट वाढवत गेलं तर मिश्रणाची उष्णता वाहायची ताकद कमी होते, म्हणून ५० च्या वर तर नकोच. ९ लिटरच्या सिस्टीमला ३ लिटर कूलंट, ६ लिटर डिस्टिल्ड. आधी गाडीचं पुस्तक पाहा, त्यात ५० लिहिलं असेल तर ५०.

वर्धा नदी
मी ५० च ठेवेन. उन्हाळ्यात वरून साधं पाणी टाकायची सवय गावात जात नाही. ५० ने सुरुवात केली तर घसरून ३५ वर येतं, ३३ ने केली तर २३ वर. आणि भरताना हवा काढा: नाक थोडं चढावर, हीटर गरमवर, ढाकण उघडं, इंजिन थंडच सुरू करा. वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे थांबून होज गरम झाला की पातळी भरून ढाकण लावा. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर थंड इंजिनवर पुन्हा पाहा, बहुतेक अर्धा-एक लिटर लागतं. टाकी बदलली असो की अख्खा रेडिएटर, यात सूट नाही.

पूर्णाकाठ
मान्य. पण जाळी मोकळी निघाली तर मी दोन टाक्याच बदलणार.