एफए कप २०२४-२५: रीप्ले काढायला नको होते

डावा_बॅक
२०२४-२५ च्या मोसमापासून एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या लहानमोठ्या क्लबांच्या बाद फुटबॉल स्पर्धेच्या, मुख्य फेऱ्यांतले रीप्ले (बरोबरीनंतर पाहुण्या संघाच्या मैदानावर पुन्हा खेळायचे सामने) पूर्ण बंद झाले. बरोबरी झाली की त्याच दिवशी ३० मिनिटं जादा वेळ, मग पेनल्टी. हा निर्णय चुकलाच. १२ जानेवारी २०२५ चा टॅमवर्थ-टॉटनहॅम सामना बघा. टॅमवर्थ पाचव्या श्रेणीतला, नोकऱ्या सांभाळून खेळणाऱ्यांचा संघ. मैदान कृत्रिम गवताचं. गोलच्या जाळीला भोक सापडलं, ते बुजवून मग सामना सुरू झाला! तिथे टॉटनहॅमला ९० मिनिटांत एक गोल करता आला नाही. जुन्या नियमाने टॅमवर्थ पुढचा सामना टॉटनहॅमच्या ६२ हजारांच्या स्टेडियमवर खेळलं असतं आणि खर्च वजा जाता गेटच्या (तिकीटविक्रीच्या) पैशात सारखा वाटा मिळाला असता. झालं काय? जादा वेळेत टॉटनहॅमचे कुलुसेव्हस्की आणि सोन ह्युंग-मिनसारखे ताज्या दमाचे खेळाडू समोर, ०-३. आठवडाभर कामावर जाणाऱ्यांचे पाय नेमके त्याच अर्ध्या तासात जड होतात.

चेंडूफळी
पण रीप्ले घालणार कुठे, ते सांगा. टॉटनहॅमच्या तारखा: १५ जानेवारी आर्सेनल, १९ एव्हर्टन, २३ हॉफेनहाइम, २६ लेस्टर, ३० एल्फ्सबोर्ग. पूर्वी युरोपातले गटसामने डिसेंबरात आटपायचे आणि जानेवारीचे मधले वार रिकामे असायचे. आता तिथे युरोपा लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा आहे. रीप्ले २१-२२ ला बसवला असता तर पोरासोरांचा संघ उतरला असता. फेब्रुवारी २०२० मध्ये खालच्या श्रेणीतल्या श्रूजबरीविरुद्धच्या रीप्लेला लिव्हरपूलने तेच केलं होतं.

डावा_बॅक
उतरू दे की पोरांचा संघ! टॅमवर्थला आणखी चांगलं. तारखा युरोपसाठी वाढवल्या, त्याची किंमत पाचव्या श्रेणीने का मोजायची? एक्सिटर सिटी २००५ मध्ये असाच लीगबाहेरचा (वरच्या चार श्रेणींत नसलेला), कर्जात बुडालेला क्लब होता. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ०-० केलं, घरी रीप्ले ०-२ हरले. त्या दोन सामन्यांच्या पैशांवर क्लब सावरला.

गोललाइन
यातला मोठा वाटा ओल्ड ट्रॅफर्डच्या गेटचा, म्हणजे पहिल्याच सामन्याचा. तो सामन्यांच्या सोडतीने दिला, रीप्लेने नाही. आणि एक गोष्ट तुम्ही सोडून दिलीत: टॅमवर्थ तिसऱ्या फेरीत आलं कसं? दुसऱ्या फेरीत वरच्या श्रेणीतल्या बर्टनच्या मैदानावर १-१, मग पेनल्टीवर ४-३. नव्या नियमानेच त्यांना टॉटनहॅम मिळालं.

डावा_बॅक
मुद्दा मान्य. पण बर्टनचा रीप्ले टॅमवर्थच्याच मैदानावर झाला असता, आणि तिथे त्यांनी टॉटनहॅमला अडवलं, तर बर्टनला हरवणं अशक्य नव्हतं. ११ फेब्रुवारी २०२५ ला एक्सिटरच्या घरी एक्सिटर-नॉटिंगहॅम फॉरेस्ट २-२ झालं, एक्सिटर पेनल्टीवर बाहेर. फॉरेस्टच्या सिटी ग्राउंडवरचा सामना आणि त्याचं गेट दोन्ही गेलं.

तिसरी_फेरी
मला दोन्ही बाजूंचं अर्धंच पटतंय. तळाच्या संघाला खरा फटका बसतो तो जादा वेळेचा. पाच बदली खेळाडू, वर जादा वेळेत सहावा, ही सवलत दोघांना सारखी दिसते. पण बाकावर कोण बसलंय त्यावर तिची किंमत ठरते. इंग्लंडच्या दुसऱ्या बाद स्पर्धेने, लीग कपने, २०१८-१९ पासून अंतिम सामना सोडून जवळजवळ सगळीकडे ९० मिनिटांनंतर थेट पेनल्टी ठेवली. इथेही तेच करा.

चेंडूफळी
थेट पेनल्टीला माझा पाठिंबा.

डावा_बॅक
खेळाच्या बाजूने मलाही चालेल, गेटचं काय? निदान एवढं करा: दोन संघांत दोन किंवा जास्त श्रेणींचं अंतर असेल आणि सामना खालच्या संघाच्या घरी बरोबरीत सुटला, तर रीप्ले घ्यायचा की पेनल्टी, हे खालच्या संघाने सामन्याआधी लिहून द्यायचं. असे सामने एका फेरीत किती निघतील? मोजकेच. त्यांच्यासाठी एक मंगळवार सापडत नाही, हे मला पटत नाही.

गोललाइन
आधी लिहून घेणार असाल तर विचार करता येईल. ९०व्या मिनिटाला ठरवायला दिलं तर शेवटची वीस मिनिटं खालचा संघ चेंडू नुसता स्टँडमध्ये मारेल.